हर्बालाइफवर नोंद हवी का?

सुट्टीला मंगळवेढ्याला गेलो की सकाळी वजनकाट्यावर उभी राहून मग शेक पिणारी माणसं दिसतात. मालदांडी ज्वारीच्या गावात न्याहारी डब्यातून यावी याची गंमत वाटते. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हर्बालाइफसारख्या कंपनीवर विकिपीडियात नोंद असावी का? ‘शेवटी जाहिरातच होणार, नकोच’ म्हणणारे मित्र आहेत. मला ते पटत नाही.

कंपनी १९८० पासून आहे, मोठी आहे, हे कारण पुरेसं नाही. तिच्याशी लागेबांधे नसलेल्यांनी तिच्यावर सविस्तर लिहिलंय का, एवढंच पाहायचं. इथे तर ढीग आहे. बिल अ‍ॅकमन या गुंतवणूकदाराने २०१२ मध्ये ही पिरॅमिड योजना असल्याचा आरोप करत शेअर पडण्यावर सुमारे शंभर कोटी डॉलर लावले आणि २०१८ मध्ये तोटा सोसून तो बाहेर पडला. दरम्यान २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना कंपनीने २० कोटी डॉलर दिले, विक्रेत्यांच्या मोबदल्याची पद्धत बदलायचंही कबूल केलं.

तटस्थपणाचा कस इथे लागतो. कमिशनच्या तक्रारीत ‘पिरॅमिड’ हा शब्द नाही, तेव्हा नोंदीनेही तो स्वतःच्या तोंडाने उच्चारू नये, अ‍ॅकमनच्या नावावर टाकावा. पण ‘काहींना फायदा झाला, काहींना नाही’ हे गुळमुळीत वाक्य म्हणजे निव्वळ पळपुटेपणा. बहुतेक विक्रेत्यांच्या हाती फारसं काही पडत नाही, असं कमिशनचं म्हणणं होतं. ते तसंच लिहावं.

सगळ्यात अवघड केरळचं प्रकरण. डॉ. सिरियक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी एका तरुणीच्या यकृत निकामी होऊन झालेल्या मृत्यूचा संबंध या उत्पादनांशी जोडणारा शोधनिबंध छापला. कंपनीच्या कायदेशीर आक्षेपांनंतर प्रकाशकाने तो काढून टाकला. आता निष्कर्षाचा पुरावा म्हणून तो वापरता येणार नाही. पण तो छापला गेला आणि काढला गेला, हे घडलेलं आहे. (आमच्या धंद्यात कोड काढला तरी त्याचा इतिहास राहतो, कदाचित म्हणून मला हे इतकं लागतं.) या दोन ओळी गाळणारी नोंद मी तटस्थ मानणार नाही.

दिवाळीत शेजारच्या काकूंनी विचारलं, “घेऊ का रे असा डबा?” मराठीत शोधलं तर मला विकणाऱ्यांचेच व्हिडिओ सापडले. मग इंग्रजी नोंद उघडून त्यांना मराठीत सांगत गेलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “ते झालं, पण चांगलं की वाईट?”

म्हटलं, ते त्यात लिहिलेलं नाही.