नोंद थांबली, काम थांबू नये

सी भाषा शिकवताना अनेक शिक्षक कर्निघन आणि रिची यांच्या 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या पुस्तकाचा आधार घेतात. १९७८ साली निघालेल्या या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ची. पावणेतीनशे पानांत इतके नेमके सांगणारे पुस्तक विरळाच. तरीही त्यातील एका उणिवेकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे.

मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर होण्यापूर्वी एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर बसवण्याची सोय. दोहोंतील मोठी संख्या निवडणाऱ्या मॅक्रोच्या कंसात 'क++', म्हणजे 'क एकने वाढव', असे लिहिले, तर तो मजकूर दोनदा उमटतो आणि क दोनदा वाढू शकतो. हा इशारा चौथ्या प्रकरणात आहे. पण मजकूर एकदाही उमटला नाही तर? चुका पकडणारा 'असर्ट' हा मॅक्रो 'एनडीबग' ही खूण केल्यास दुर्लक्षिला जातो, एवढेच परिशिष्टात म्हटले आहे. कंसात लिहिलेले कामही त्याबरोबर बुडते, हे तेथे सांगितलेले नाही.

एक उदाहरण घेऊ. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या ९ तालुक्यांच्या पावसाची बेरीज करायची आहे. क शून्यापासून सुरू होतो आणि ९ होईपर्यंत पुढील दोन ओळी फिरत राहतात:

बेरीज += पाऊस[क];
नोंद(क++);

'नोंद' हा आपला मॅक्रो क चा आकडा पडद्यावर छापतो. तो चालू असताना उत्तर बरोबर येते. काम झाले म्हणून आपण तो रिकामा करतो. त्यासरशी क++ नाहीसे होते, क शून्यावरच राहतो आणि प्रोग्रॅम परभणीचाच पाऊस न थांबता मिळवत बसतो!

वर्गात हे पर्जन्यमापकावरून सांगता येईल. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतून मोजतात, आकडा वहीत लिहितात आणि पाणी फेकून देतात. 'वही लिहू नका' असे सांगताच कोणी पाणी ओतणेही थांबवले, तर उद्याच्या पावसात आजचा पाऊस मिसळणार. वही बंद करता येते, पर्जन्यमापक रिकामा करणे नाही.

म्हणून क++ स्वतंत्र ओळीवर लिहावे आणि नोंदीच्या कंसात केवळ वाचावे, काही बदलू नये. बंद मॅक्रो अगदी रिकामा ठेवण्याऐवजी त्यातली छापण्याची आज्ञा 'if (0)' च्या, म्हणजे कधीच खरी न होणाऱ्या अटीच्या, आत ठेवावी. मग कंसातील मजकुराचे व्याकरण कंपायलर तपासत राहतो. मात्र क++ तेव्हाही चालणार नाही, हे विसरू नये. विद्यार्थ्यांकडून प्रत्येक प्रोग्रॅम नोंदी चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा चालवून घ्यावा. दोन्ही वेळा उत्तर एकच आले पाहिजे.

पुस्तक अर्थातच जवळ ठेवावे. फक्त परिशिष्टातील त्या वाक्याशेजारी पेन्सिलने लिहावे: 'दोनदा होते तसे शून्य वेळाही होते.'