उचंत खाते

आमच्या बीडात बर्फ पाहावा तो रसवंतीतच. तरीही उरल पर्वतात ते नऊ जण कसे गेले, यावर पानटपरीवर माणशी एक सिद्धांत मिळतो.

फेब्रुवारी १९५९. इगोर द्यातलोव्ह आणि मंडळींनी रात्री आपलाच तंबू आतून फाडला, अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात उतरली, ती परतलीच नाहीत. कोणी म्हणतो हिममानव, कोणी म्हणतो गुप्त क्षेपणास्त्र. हिममानव बरगड्या मोडील हो, पण त्याच्या पावलांचे ठसे कुठायत? सोव्हिएत तपासानं ‘माणसाला न आवरणारी नैसर्गिक शक्ती’ असा शेरा मारून फाइल मिटवली. बँकेच्या भाषेत, फरक उचंत खात्यात टाकला!

२०२१ मध्ये गोम आणि पुझ्रिन या संशोधकांनी छोट्या हिमस्खलनाचं गणित मांडलं. बरगड्यांचा हिशेब त्यात जुळतो. तंबू सोडल्यानंतरचा त्यांनी मांडलाच नाही.

आणि खरी नोंद तर तिथंच आहे. झाडाखाली पेटवलेली शेकोटी. मेलेल्याचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर. तिघांची प्रेतं तर वाटेत, पुन्हा तंबूकडं निघाल्यासारखी. एवढी रक्कम तरी उचंतात ठेवू नये. सरळ मैत्रीच्या खात्यावर जमा करावी.