नक्षी टिकली, पोत चालला

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काटी, खण आणि घोंगडी ही पाच नावे एका ओळीत आली आहेत. नोंदणीकृत पुरुष विणकराला वर्षाला दहा हजार आणि स्त्री विणकराला पंधरा हजार रुपये उत्सव भत्ता देण्याची तरतूद त्यात आहे. येवल्याच्या रेशमी पदराशेजारी धनगराच्या खांद्यावरची लोकर शासनाच्या कागदावर बसली, याचा मुखेडसारख्या बालाघाटच्या माळरानावरच्या, मेंढपाळांच्या तालुक्यात आनंदच वाटतो. पण या विणींची आजची अवस्था पाहिली की एक गोष्ट सतत खटकते. आपली सारी धडपड नक्षी वाचवण्यासाठी चालली आहे आणि पोताकडे कुणाचे लक्ष नाही. धाग्याचा पीळ, ताण्याला दिलेली खळ, बाणा ठोकणारा हात आणि मुळात तो धागा कुठल्या प्राण्याचा वा झाडाचा, एवढ्या सगळ्यांतून पोत घडतो. त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून तो गेला तरी चटकन कळत नाही.

खणाचे उदाहरण घ्या. नांदेड-लातूरच्या बायकांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या जी खणाची चोळी दिसली, तिचे कापड येई सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. रेशमी ताणा, सुती बाणा आणि विणतानाच उठवलेली बारीक, दाट बुट्टी. रेशमाने झळाळी यायची, सुताने घाम टिपला जायचा. गेल्या काही वर्षांत खणाला मोठी मागणी आली. कुर्ते, जाकिटे, पर्स, दाराची तोरणेसुद्धा खणाची झाली. यातला बराच माल यंत्रमागावरचा, पॉलिस्टरचा आहे. बुट्टी ओळखीची, रंगही ओळखीचे, पण उन्हाळ्यात ते कापड अंगाला चिकटते. खणाची नक्षी आज पूर्वीपेक्षा जास्त घरांत आहे आणि हातमागाचा खण घालणारी बाई मात्र शोधावी लागते.

हिमरूचे दुखणे याहून जुने आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर इकडे आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, असे परंपरा सांगते. सुती ताण्यावर रेशमाचा जादा बाणा खेळवून वेलबुट्टी उठवायची, ही हिमरूची रीत. पूर्वी मागाच्या वर दोऱ्यांचा जाला बांधलेला असे. एक जण वर बसून नक्षीप्रमाणे दोऱ्यांचे जुडगे उचली आणि खाली विणकर धोटा टाकी. हे कापड उलटे करून पाहावे. जिथे नक्षी नाही तिथे रेशमाचे धागे मागच्या बाजूला सैल तरंगत असतात. त्या सैल थरामुळे हिमरू हाताला मऊ लागते आणि थंडीत ऊब देते. निझामाच्या दरबारात त्याच्या शेरवान्या झाल्या, घराघरांत शाली आणि रजया झाल्या. आज औरंगाबादेत हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींत यंत्रमागाचा, कृत्रिम रेशमाचा माल भरपूर आहे. वेल तीच, अजिंठ्याचे कमळही तेच. हात फिरवला की कापड गुळगुळीत, सपाट आणि थंड लागते.

पैठणी या सगळ्यांत सुस्थितीत आहे आणि तिच्याकडून शिकण्यासारखे काही आहे. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण माझ्या मते तिला खरे तारले ते गिऱ्हाइकाच्या जाणतेपणाने. अस्सल पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगाशी गुंफला जातो. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. ही खूण बायकांना ठाऊक झाली. दुकानात पदर उलटा करून पाहिल्याशिवाय कुणी हजारो रुपये मोजत नाही. सेमी पैठणी भरपूर खपते, पण तिला लोक सेमी म्हणूनच ओळखतात. हिमरू, खण आणि घोंगडी यांना असे पारखी अजून पुरेसे मिळालेले नाहीत.

आता घोंगडी. मराठवाड्यातले हे सर्वांत साधे वस्त्र आणि माझ्या लेखी सर्वांत अवघडही. धनगर पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतो, थंडीत पांघरतो, रात्री अंथरतो. खंडोबाच्या, बिरोबाच्या पूजेला तीच लागते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोंगडी पारखून घेणारे म्हातारे भेटतात. ते आधी रंग पाहत नाहीत. कापड मुठीत चुरगाळतात आणि सोडून देतात. चांगली घोंगडी लगेच पूर्ववत होते. मग तळहाताने उलट दिशेने घासून सुताचा पीळ अजमावतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी असेल तर तिचा मऊपणा बोटांना लगेच कळतो आणि भावही तसाच असतो.

तिच्या मागे कामांची लांबलचक साखळी आहे. मेंढ्या कातरायच्या, काळी-पांढरी-करडी लोकर वेगळी करायची, पिंजायची, मग बायकांनी चरख्यावर सूत कातायचे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करायची आणि ताणलेल्या सुतावर कुंच्याने ओढायची. खळीने सुताचे केस बसतात आणि ताणा तुटत नाही. मग सनगर किंवा खुटेकर विणकर खड्ड्याच्या मागावर बसतो. नवी घोंगडी या खळीमुळेच कडक आणि टोचरी लागते. वापरता वापरता खळ निघून जाते, पण लोकरीतला नैसर्गिक तेलकटपणा राहतो आणि पावसाचे थेंब तिच्यावरून ओघळतात.

ही साखळी विणकरापाशी तुटलेली नाही, त्याच्या कितीतरी आधी तुटली आहे. दख्खनी मेंढीला वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर येते. मेरिनोच्या तंतूची जाडी २० मायक्रॉनच्या आसपास, दख्खनीची त्याच्या दुपटीहून अधिक. स्वातंत्र्यानंतर लोकर सुधारण्यासाठी परदेशी नरांशी संकर झाले. पुढे मटणाचा भाव वाढला आणि वारे फिरले. सांगलीकडची माडग्याळ, आंध्रातली नेल्लोर अशा झपाट्याने वाढणाऱ्या, अंगावर फारशी लोकर नसलेल्या जातींचे नर कळपांत आले. मेंढपाळाचा यात दोष नाही. लोकरीला भाव नाही, उलट कातरणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतात, आणि कातरलेली लोकर कित्येकदा रानातच टाकून दिली जाते. ज्या माळावर लोकर फेकली जाते, त्याच माळावर विणकराला चांगल्या सुतासाठी वणवण करावी लागते.

म्हणून धोरणातली भत्त्याची तरतूद मला अपुरी वाटते. भत्ता विणकराच्या नावावर आहे. लोकर राखणारा मेंढपाळ आणि सूत कातणारी बाई त्यात बसत नाहीत, आणि पोत तर त्यांच्याच हातून घडतो. रेशमातही थोडेफार हेच आहे. २०१८ पासून जालन्यात कोष बाजार सुरू झाला, मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली. तरी इथले पुष्कळ कोष कर्नाटकातल्या रामनगरला जातात आणि पैठणीचे रेशीम पुन्हा त्याच राज्यातून विकत येते.

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांनी हा प्रश्न नीट ओळखला. हॅरिस ट्वीडसाठी १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा केला. शुद्ध नवी लोकर, तिची रंगाई आणि कताई त्या बेटांवरच, आणि विणाई बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी हातानेच केलेली, असे असेल तरच ते हॅरिस ट्वीड. त्या कायद्यात नक्षीचा उल्लेखही करावा लागला नाही. खरखरीत, टोचरी लोकर असूनही ते कापड जगभर कोटांसाठी मानाने विकले जाते. दख्खनी लोकर टोचते म्हणून तिला भवितव्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अंगरख्यावरून घालायचे जाकीट, कोट, पिशव्या यांना असाच भरदार पोत लागतो.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र मुखेडलाच आहे. त्यातल्या त्यात जास्त लोकर देणाऱ्या काळ्या दख्खनीचा कळप तिथे कटाक्षाने वेगळा राखावा, त्याचे नर मेंढपाळांना द्यावेत, यात्रेच्या हंगामात रंग आणि तंतूप्रमाणे निवडलेली लोकर ठरल्या भावाने विकत घ्यावी आणि कताईची मजुरी विणाईच्या बरोबरीने धरावी. घोंगडीची कायदेशीर व्याख्या या लोकरीपासून सुरू व्हायला हवी. मेंढी, चरखा आणि माग या तिघांची नावे एका कागदावर येतील तेव्हाच धोरणातले पाचवे नाव खरे ठरेल.