‘कणा’ आणि पंचनामा : आपत्तीनंतरच्या दिवसांचे मराठी साहित्यातील चित्रण

प्रस्तावना

दुष्काळ, महापूर, प्लेग, भूकंप या आपत्तींच्या खुणा मराठी साहित्यात ठिकठिकाणी आढळतात. तथापि आपत्ती कोसळते त्या क्षणाचे वर्णन मराठी लेखकाने ज्या समरसतेने केले, त्या समरसतेने आपत्ती ओसरल्यानंतरच्या दिवसांचे वर्णन केलेले दिसत नाही. पाणी उतरते, वारा थांबतो, वर्तमानपत्रांतील छायाचित्रे संपतात आणि त्यानंतर खरी कसोटी सुरू होते. ओले धान्य कोठे पसरायचे, मुलांच्या वह्या कोठून आणायच्या, तलाठी पंचनाम्याला केव्हा येणार, तोवर पडलेली भिंत तशीच ठेवायची की उचलायची, असे हे प्रश्न असतात. या प्रश्नांना साहित्यात किती आणि कसे स्थान मिळाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता मध्यवर्ती मानली असून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी तिच्याशेजारी ठेवली आहे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ आणि सप्टेंबर २०२५ मधील पाथर्डी-शेवगाव परिसरातील अतिवृष्टी हे या वाचनाचे सामाजिक संदर्भ आहेत.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग निमित्त झाला. २०२५ च्या दिवाळीनंतर पदवीच्या वर्गात ‘कणा’चे वाचन चालू असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, त्या माणसाचा पंचनामा झाला असेल का?” वर्गात हशा पिकला. विचारणारा मात्र हसला नव्हता. त्याच्या वडिलांच्या शेतातली माती ओढ्याच्या पाण्याने धुऊन नेली होती, हे नंतर समजले. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात टँकरची वाट पाहण्याची सवय असलेल्या माणसांना शेतातले पाणी कधी ओसरेल याची वाट पाहावी लागली, हा अनुभवच नवा होता. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही.

माहेरवाशिणीची पाठवण

‘कणा’ ही कविता महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षित माणसांना ठाऊक आहे. पावसात भिजलेला, चिखलाने माखलेला एक माजी विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या दारात येतो आणि नदीचे पाणी घरात कसे शिरले ते सांगतो. शिक्षकांचा हात खिशाकडे जाताच तो उठून उभा राहतो. पैसे नकोत, एकटे वाटले म्हणून आलो, पाठीवर हात ठेवून लढण्याचे बळ द्या, एवढेच तो मागतो. कवितेचा आशय इतका सरळ आहे की समीक्षकाने तिच्यापाशी फार वेळ थांबू नये असे वाटते, आणि समीक्षक सहसा थांबतही नाही. ‘दुर्दम्य आशावाद’ हा शब्दप्रयोग करून तो पुढे जातो.

वस्तुतः या कवितेचे मर्म शेवटच्या मागणीत जेवढे आहे, त्याहून अधिक ते मधल्या रूपकात आहे. घर उद्ध्वस्त करणाऱ्या नदीला हा माणूस पाहुणी म्हणतो, माहेरी आलेली लेक म्हणतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि आपल्याकडेही नदीकाठच्या मुलखाला गंगथडी म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे ‘गंगा’ हे येथे केवळ पावित्र्यसूचक नाव नसून घरोब्याचे नाव आहे. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने सासरी धाडायचे नाही, ही आपली रीत आहे. खण-नारळाने ओटी भरल्याशिवाय तिची पाठवण होत नाही. कवितेतील माणूस याच रीतीचा आधार घेतो. नदीने त्याचे सर्वस्व लुटले, पण त्याच्या सांगण्यात ती लूट उरत नाही, तिची पाठवण होते. ज्याचे गेले तो येथे देणारा ठरतो. दुःख सोसण्याची ही अस्सल लोकपरंपरेतली पद्धत आहे. ज्यावर आपले काहीच चालले नाही, त्याला नात्यात ओढून घ्यायचे आणि आपली मान ताठ ठेवायची. देवीला ‘आई कोपली’ असे म्हणणाऱ्या समाजाची ही भाषा आहे. म्हणूनच त्याचे हसणे उसने वाटत नाही.

बायको वाचली, हा त्याच्या हिशेबातला एकमेव शिल्लक आकडा आहे. त्यानंतर तो तिला बरोबर घेऊन भिंत उभारण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम सांगतो. येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पुराने काय नेले हे सांगताना तो भिंत खचल्याचे सांगतो आणि चूल विझल्याचेही सांगतो. पुढे पुनर्बांधणीचा उल्लेख येतो तेव्हा भिंत परत येते, चूल मात्र येत नाही. ती कोणी पेटवली, कशावर पेटवली, ओल्या घरात कोरडे सरपण कोठून आले, पीठ कोणी उसने आणले, याविषयी कविता गप्प आहे. बायको त्याच्यासोबत आहे, पण ती बोलत नाही. कवीला दोष देण्याचा येथे हेतू नाही, कारण बोलणारा पुरुष आहे आणि तो घराबाहेर, आपल्या सरांपुढे बोलतो आहे. चुलीची गोष्ट तो तेथे सांगणार नाही. परंतु आपत्तीनंतरचे दैनंदिन जीवन म्हणून आपण ज्याचा शोध घेत आहोत, ते मुख्यतः त्या न सांगितलेल्या भागातच आहे, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे. सप्टेंबरच्या पाण्यानंतर आपल्याकडच्या घराघरांत पहिले काम भिंतीचे नव्हते. भिजलेली ज्वारी-बाजरी मोड येण्यापूर्वी उन्हात टाकणे हे पहिले काम होते, आणि ऊन तर पडत नव्हते.

खिशाकडे गेलेला हात

आता पैशाविषयी. ‘कणा’मधील नकार हा मराठी मनाला फार भावलेला प्रसंग आहे. स्नेहसंमेलनात, निवृत्तीच्या समारंभात, मदतवाटपाच्या कार्यक्रमात ही कविता म्हटली जाते. आपद्ग्रस्तांपुढे ती म्हणताना वक्त्याचा गळा दाटून येतो, हेही अनेकांनी पाहिले असेल. याबाबत प्रस्तुत लेखिकेचे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे.

कवितेत नकार कोणाला दिला जातो? एका शिक्षकाला. त्या दोघांमध्ये गुरुशिष्याचे नाते आहे. त्या नात्यात पैसा आला की ते नाते दाता आणि याचक असे होऊन बसते, आणि ते टाळण्यासाठी तो उठून उभा राहतो. हा नकार व्यक्तीने व्यक्तीला दिलेला आहे. शासनाच्या मदतीशी त्याचा काही संबंध नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय यंत्रणेवर टाकली आहे. त्या निकषांप्रमाणे मिळणारी रक्कम म्हणजे सरांनी खिशातून काढलेली नोट नव्हे. तेव्हा मदतवाटपाच्या व्यासपीठावरून ‘कणा’ म्हणणे म्हणजे कवितेतल्या सरांच्या जागी व्यवस्थेला बसवणे होय. एकदा ती अदलाबदल झाली की ज्याने रक्कम मागितली त्याचा कणा जणू मोडलेला आहे असा अर्थ आपोआप निघू लागतो. कवितेने असे कोठेही म्हटलेले नाही. हा अर्थ तिच्या वापराने तिच्यावर लादला आहे. एखादी कविता लोकप्रिय झाली की तिचा उपयोग तिच्याविरुद्धही होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विद्यार्थ्याच्या प्रश्नातील ‘पंचनामा’ या शब्दाकडे या दृष्टीने पाहावे लागते. पंचनामा हाही एक मजकूर आहे. त्यात गट क्रमांक येतो, क्षेत्र येते, पिकाचे नाव आणि नुकसानीची टक्केवारी येते. त्यात रूपकाला जागा नाही. ज्या माणसाने नदीला लेक म्हटले, त्यालाच तलाठ्यापुढे ‘बाधित क्षेत्र’ म्हणावे लागते. एकाच नुकसानीच्या या दोन भाषा आहेत आणि दोन्ही त्याला अवगत असाव्या लागतात. मराठी समीक्षेने यांतील पहिल्या भाषेचाच गौरव केला. दुसरीला रुक्ष म्हणून तिने बाजूला सारले.

झाडांचे वय

‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरनजीक हे वादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी आधीच गावी परतलेले किंवा मुंबईतच अडकलेले होते. कित्येक गावांनी अनेक आठवडे अंधारात काढले. पावसाळा तोंडावर आला असताना पत्रे आणि कौले मिळवणे हीच त्या दिवसांतली सर्वांत मोठी विवंचना होती.

पूर येतो आणि जातो, मागे गाळ राहतो, गाळ उपसता येतो. ‘कणा’मधील काळ हा असा आठ-पंधरा दिवसांचा काळ आहे, म्हणून त्यात लढण्याची भाषा शोभते. पोफळीचे तसे नाही. लावलेले रोप फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि वाडी भरास येण्यास त्याहून अधिक. पोफळ पडली की तिच्या सावलीत वाढणारे जायफळ उघडे पडते, तिच्यावर चढवलेली मिरी भुईवर येते. आजोबांनी लावलेली आणि नातवाने खाल्लेली ही संपत्ती एका दुपारी गेली. या नुकसानीपुढे उभे राहताना पाठीवरचा हात किती दिवस पुरेल? शासनाने त्या वेळी फळबागांसाठीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली. परंतु कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजली जाते आणि तिचा खरा हिशेब झाडांवर असतो. त्यामुळे हेक्टरच्या मापात अनेकांच्या हाती फारच थोडे आले असते. या आक्षेपानंतर झाडनिहाय मदतीचा विचार झाला आणि नारळासाठी प्रतिझाड २५० व सुपारीसाठी ५० रुपये ठरले. आकड्यांची तुलना वाचकाने स्वतःच करावी. येथे एवढेच नोंदवायचे की ‘हेक्टर’ ऐवजी ‘झाड’ हा शब्द शासननिर्णयात यावा यासाठी जो आग्रह धरला गेला, तोही भाषेचाच झगडा होता.

पाथर्डी-शेवगावकडील शेतकऱ्याचे दुःखही याच जातीचे आहे. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती खरडून गेली तर किती पिढ्या गेल्या हे सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मदतीत खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचे काम असा वेगळा विचार करावा लागला, तो यामुळेच. ‘खरडून जाणे’ हा शब्द आपल्या बोलीतला आहे. स्वयंपाकघरात कढईचा तळ खरडतात, तसा शेताचा तळ निघाला. कवितेने अद्याप तो पुरेसा वापरलेला नाही.

इतक्या लांब पल्ल्याच्या नुकसानीसाठी कवितेपेक्षा गद्य अधिक सोयीचे ठरते असे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावर अतुल देऊळगावकर यांनी लिहिलेले ‘डळमळले भूमंडळ’ हे पुस्तक या संदर्भात आठवते. त्या भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतर झाले. सरळ रस्ते, सुटी घरे, सिमेंटच्या भिंती अशी नवी गावे वसली. घर मिळाले, पण पार, वाडा, गल्ली यांनी बांधलेला शेजार गेला. या प्रक्रियेचे भान वैचारिक गद्याने जितके दाखवले, तितके कथा-कादंबरीने दाखवले असे म्हणणे कठीण आहे.

दोन मास्तर

‘बनगरवाडी’ (१९५५) मध्येही एक शिक्षक आहे. औंध संस्थानातील माणदेशी धनगरांच्या वाडीत राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर शाळा भरवू लागतो, वाडीसाठी तालीम उभारली जाते, राजे येऊन जातात आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात. एकेक कुटुंब वाडी सोडते. मुले गेल्यावर शाळेचे प्रयोजनच उरत नाही.

‘कणा’मध्ये आपद्ग्रस्त शिक्षकाकडे येतो आणि ‘बनगरवाडी’त तो शिक्षकाला मागे ठेवून निघून जातो. हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही. माडगूळकरांच्या वाडीत कोणी कोणाला लढ म्हणत नाही. जगायला निघणे हेच तेथे शहाणपण आहे, आणि लेखकाने त्याला पराभवाचा रंग दिलेला नाही. समीक्षेने मात्र त्या शेवटाला ‘शोकात्म’ म्हणून टाकले. पाथर्डीतील वाचकाला हा शब्द अपुरा वाटेल. दसरा झाला की आपल्या तालुक्यातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. कोयता, भांडी, कोंबड्या, लहान मुले यांसह ती कारखान्याच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर परततात. या जाण्यात दुःख आहेच, पण मुकादमाची उचल आणि परतल्यावर फेडायचे देणे यांचा रोकडा हिशेबही आहे. या माणसांना घर सोडणे म्हणजे मोडणे वाटत नाही. ताठ उभे राहण्याचा आदर्श येथे लागू पडत नाही. वाकून उसाच्या बुडख्यावर कोयता चालवणाऱ्याच्या कण्याचा विचार वेगळ्या शब्दांत करावा लागेल, आणि तसे शब्द ग्रामीण-दलित आत्मकथनांत अधिक सापडतील.

‘कणा’च्या शेवटाकडे पुन्हा एकदा पाहू. विद्यार्थी आपली मागणी मांडतो आणि कविता थांबते. सरांनी पाठीवर हात ठेवला की नाही, ते काय बोलले, खिशाकडे गेलेला हात परत कोठे गेला, यांतले काहीही कवी सांगत नाही. पुढच्या तासाला वर्गात हे सांगितल्यावर तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी एवढेच म्हणाला, “मग सरांनी त्याला अर्ज लिहून द्यायला पाहिजे होता.” त्याच्या वडिलांचा अर्ज त्यानेच लिहिला होता.