सात तत्त्वं, एक घर: मार्था हनी यांचं पुस्तक ताडोबात वाचताना

निसर्गपर्यटनावर पीएचडी करायला घेतली की पहिल्याच वर्षी एक पुस्तक हातात पडतं: मार्था हनी यांचं ‘इकोटुरिझम अँड सस्टेनेबल डेव्हलपमेंट: हू ओन्स पॅराडाइज?’ पहिली आवृत्ती 1999 ची, सुधारित दुसरी 2008 ची. मी ते आतापर्यंत तीनदा वाचलंय. पहिल्यांदा भारावून, दुसऱ्यांदा टिपणं काढायला आणि तिसऱ्यांदा ताडोबाच्या बफरमधून परत आल्यावर, जरा चिडून. आजची पोस्ट या तिसऱ्या वाचनाबद्दल आहे.

आधी पुस्तक काय म्हणतं ते बघू. हनी मूळच्या पत्रकार. जंगलात गेलं म्हणजे इकोटुरिझम झालं, हे त्यांना मान्य नाही. त्या सात अटी घालतात. प्रवास नैसर्गिक ठिकाणी हवा. त्याचा निसर्गावर आघात कमीत कमी हवा. त्यातून पर्यावरणाची जाणीव वाढावी. संवर्धनाला थेट पैसा मिळावा. स्थानिकांना पैसा आणि अधिकार दोन्ही मिळावेत. त्यांच्या संस्कृतीचा मान राखला जावा. आणि मानवी हक्कांना, लोकशाही चळवळींना बळ मिळावं. मग गालापागोस, कोस्टा रिका, टांझानिया, केनिया अशी ठिकाणं घेऊन प्रत्येकाचं या सात अटींवर प्रगतिपुस्तक मांडतात.

पुस्तकाची ताकद म्हणजे पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा माग त्या सोडत नाहीत. नावापुरत्या हिरव्या पर्यटनाला त्यांनी दिलेला ‘इकोटुरिझम लाइट’ हा शब्द तर आपल्याकडच्या कित्येक रिसॉर्टना चपखल बसतो. टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशी पाटी लावायची, आवारात स्विमिंग पूल बांधायचा आणि नावापुढे ‘इको’ जोडायचं!

मग चिडायचं कशाला? तर मी या सात अटींचा एक फॉर्म केला होता. सात रकाने, प्रत्येकात हो किंवा नाही. तो घेऊन मी बफरमधल्या एका गावात गेले. एका घरात मुलगा सफारी गाइड होता. गेटवर नंबर लागला की जिप्सीत बसायचं, फेरीमागे ठरलेले पैसे. ‘स्थानिकांना फायदा’ या रकान्यात मी लगेच ‘हो’ लिहिलं. त्याची आई उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जाते. ती म्हणाली, आता जंगलात पाय टाकायची भीती वाटते, पण गेल्याशिवाय भागत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? वाघ वाढले ही संवर्धनाची बातमी, त्याच वाघामुळे मुलाला काम आणि त्याच वाघामुळे आईच्या जिवाला घोर. फॉर्मवर हे घर ‘पास’ झालं. मला मात्र ते पटेना.

इथेच पुस्तकाची मर्यादा दिसते. सातही अटी एका ओळीत, एकाच वजनाच्या. त्या एकमेकींच्या आड आल्या तर आधी कोणती, हे ही यादी सांगत नाही. हनी यांच्या स्वतःच्या उदाहरणातही हे दिसतं. गालापागोसमध्ये पर्यटकांवर शिस्त चांगली होती, सोबत प्रशिक्षित गाइड असायचे. पण पर्यटनाने रोजगार आणला, त्या रोजगारापाठी मुख्य भूमीवरून माणसं आली आणि माणसांबरोबर परके प्राणी-वनस्पती. शेवटी 1998 मध्ये तिथे स्थलांतरावर बंधनं घालणारा खास कायदा करावा लागला. म्हणजे एका अटीचं यश हेच दुसरीचं अपयश. प्रगतिपुस्तकात हे दोन वेगळे विषय होतात, पण प्रत्यक्षात गोष्ट एकच असते.

आता ताडोबा. 2006 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग मानले जातात: वाघासाठी निर्धोक ठेवायचा कोअर आणि माणूस-वन्यजीव सहजीवनासाठी बफर. नवेगाव, जामणी यांसारखी गावं कोअरमधून उठून बाहेर वसली, ती कोअर मोकळा राहावा म्हणून. पर्यटक मात्र आत जातच राहिले. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या कोअरमधल्या पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, कोअरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागात पर्यटन चालेल असं ठरलं आणि बंदी उठली. त्या तत्त्वांचा रोख होता कोअरवरचा भार हळूहळू बफरकडे वळवण्यावर. कागदावर उत्तम. बफरमध्ये गेटं उघडली, गावातल्या पोरांना कामं मिळाली. पण ताडोबाचा कोअर पावसाळ्यात तीन महिने बंद असतो आणि बफरच्या फेऱ्या तेव्हाही चालतात. सरपण, गुरं, तेंदू, वाघ आणि जिप्सी, सगळं त्याच बफरमध्ये!

शिवाय हिशेब वाघ दिसण्यावर चालतो. साइटिंग झालं तर बक्षिसी, नाही झालं तर पर्यटकांची तोंडं उतरलेली. हे सगळं कुठे जातं ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात दिसलं. ताडोबाच्या उत्तरेला असलेल्या या अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांवरचे चालक आणि गाइड स्थानिकच असतात. पाचव्या अटीवर भरपूर गुण, दुसरीवर शून्य. यात पोरांना दोष देऊन सुटका नाही. ज्याचं पोट साइटिंगवर बांधलंय, त्याला अंतर राखा म्हणणं सोपं आहे.

आणखी एक गोष्ट. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आलं, त्याला वाघाने मारलं अशी कथा आहे आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. इथले आदिवासी त्याला देव मानतात. वाघाबरोबर राहण्याची, त्याला भिण्याची आणि मानण्याची ही त्यांची स्वतःची रीत. ‘संस्कृतीचा आदर’ या रकान्यात ती बसवायची कशी? सफारीत दोन मिनिटांची माहिती दिली की झाला आदर?

तेव्हा मी फॉर्म बदलला. हो-नाहीचे रकाने काढले. आता तीनच प्रश्न विचारते. दिवसाला किती गाड्या सोडायच्या हे कोण ठरवतं? ती संख्या कमी केली तर कोणाचं नुकसान होतं आणि ते कोण भरून देतं? जंगलातून परत न येण्याची जोखीम कोणाच्या वाट्याला येते? उत्तरं लांबलचक येतात, तक्ता नीट बनत नाही. गाइड मॅडम (माझ्या, सफारीच्या नव्हे) म्हणाल्या, याचं विश्लेषण करताना रडशील. बहुतेक खरंय.

पण गंमत बघा, हे तिन्ही प्रश्न हनी यांच्या पुस्तकाच्या नावातच आहेत. स्वर्ग कोणाच्या मालकीचा? प्रश्न बरोबर विचारला आणि पुढे गुणपत्रिका करत बसल्या, एवढीच माझी तक्रार. पुस्तक जरूर वाचा. फक्त त्या सात तत्त्वांची यादी भिंतीवर चिकटवण्याआधी एखाद्या गाइडच्या घरी जा आणि त्याच्या आईशी बोला.