युरी आंद्रुखोविच : कादंबरी आणि अनुवाद

1876 साली रशियाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर याने एम्स येथून जे फर्मान काढले, त्यात युक्रेनियन भाषेतील ललितलेखनास सरकारी तपासणीच्या अटीवर काही सवलत होती. अनुवादास मात्र मुळीच नव्हती. परकीयांचे ग्रंथ आपल्या मुखाने वदवू लागलेली भाषा ग्रामीण बोली म्हणून हिणविता येत नाही, हे त्या राजसत्तेने अचूक जाणले होते. आणि पुढे सोविएत अंमलात, 1937 साली, व्हर्जिलचा अनुवादक मिकोला झेरोव्ह याला गोळी घालण्यात आली, तेव्हा बंदिवासात त्याने चालविलेला महाकाव्याचा अनुवादही कायमचा नाहीसा झाला. ज्या मुलखात अनुवादाची किंमत अशी मोजावी लागली, तेथील कादंबरीकाराने केलेले अनुवाद हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग समजणे अन्यायाचे होय.

आंद्रुखोविच यांचा जन्म 1960 साली स्तानिस्लाव येथे, म्हणजे आजच्या इव्हानो-फ्रान्किव्स्क शहरात झाला. 1985 मध्ये इर्वानेट्स आणि नेबोराक या कविमित्रांसह त्यांनी 'बु-बा-बु' हा विडंबनप्रिय कविसंप्रदाय स्थापिला. त्यांच्या कादंबऱ्यांत मला सर्वश्रेष्ठ वाटते ती 1993 ची 'मॉस्कोव्हियाडा'. मॉस्कोतील साहित्यसंस्थेच्या वसतिगृहात राहणारा एक युक्रेनियन कवी एका दिवसाच्या भटकंतीत नगराच्या भूमिगत पोटात उतरतो, आणि मोडकळीस आलेल्या साम्राज्याचे जे भेसूर दर्शन त्याला तेथे घडते, ते लेखकाने स्वतः त्या संस्थेत काढलेल्या वर्षांच्या अनुभवावर उभे असल्यामुळेच इतके प्रत्ययकारी झाले आहे. उलट, व्हेनिसमध्ये अदृश्य झालेल्या कवीची कहाणी नाना प्रकारच्या कागदपत्रांतून सांगणाऱ्या 'पेर्व्हेर्झिया'त रचनाकौशल्य विस्मयकारक असले, तरी शब्दक्रीडेच्या भरात माणसे, विशेषतः स्त्रिया, पुसट होतात. हा दोष लहान नव्हे.

या अतिरेकाला शिस्त लाविली ती अनुवादाने, असे मला वाटते. त्यांचा 'हॅम्लेट' रस्त्यावरच्या जिवंत युक्रेनियनमध्ये बोलतो. अमेरिकन बीट कवींचे अनुवादही त्यांनी केले. परंतु सर्वांत मोलाचे काम ब्रूनो शुल्झच्या कथांचे. शुल्झ हा पोलिश भाषेत लिहिणारा ज्यू लेखक. त्याचे द्रोहोबिच गाव आज युक्रेनमध्ये आहे, आणि त्याच गावच्या रस्त्यावर 1942 साली नाझी अधिकाऱ्याने त्याला ठार मारले. त्या कथा युक्रेनियनमध्ये आणणे म्हणजे ज्या शेजाऱ्यांचा समूळ नाश झाला त्यांची स्मृती त्यांच्याच भूमीवरील आजच्या वाचकांच्या स्वाधीन करणे होय. 'बारा वलये' या कादंबरीत कार्पेथियन पर्वतातील बहुभाषिक भूतकाळाचा शोध घेणारा लेखक आणि हा अनुवादक यांत मला भेद दिसत नाही.

2006 साली लाइपझिगचा आणि 2022 साली हाइन पुरस्कार त्यांना लाभला. त्यांचे साहित्य मराठीत आणू इच्छिणाऱ्याने इंग्रजीच्या आडमार्गाने न जाता मूळ युक्रेनियन शिकावे, आणि 'मॉस्कोव्हियाडा'पासून आरंभ करावा.