परत न येणारी कथा

शहापूर-मुरबाडकडच्या नव्या लेखकांच्या कथा गेली काही वर्षं माझ्या वाचनात येतात. त्यांतल्या बऱ्याच पाण्यावर असतात. साहजिक आहे. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात कसाऱ्याकडच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. विषय खरा, रागही खरा. तरी कथा संपल्यावर तीतली एकही बाई आठवत नाही. आठवतो तो रिकामा हंडा, भेगाळलेली जमीन आणि शेवटच्या परिच्छेदात शहराला विचारलेला प्रश्न.

लेखक कमी पडतात असं मला वाटत नाही. या कथा पहिल्या झटक्यात छापून येतात, ही खरी अडचण आहे. माझीच एक कथा एका दिवाळी अंकानं घेतली होती. तीत एका पात्राचं नाव मध्येच बदललं होतं, ते तसंच छापून आलं. अंकाच्या पाच प्रती विकत घ्यायच्या आहेत, हे मात्र न विसरता कळवलं होतं.

'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन गिरगावातून लेखकांना पत्रं लिहीत, शंका काढत, कथा पुन्हा लिहायला लावत. 'साभार परत' या शब्दांची पुढे चेष्टा झाली, पण परत आलेल्या कथेबरोबर कधी कधी एक वाचक येत असे. असा वाचक आमच्या पाण्याच्या कथेला काय विचारेल? डवऱ्यावर, म्हणजे ओहोळात खणलेल्या झऱ्यावर, रात्री नंबर कसा लावतात? एक हंडा भरायला किती वेळ जातो? सासू-सून दोघी जातात की एकटी सून? भांडण कोण मिटवतं? लेखकाला हे सगळं ठाऊक असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

'सत्यकथे'साठी गळा काढायचंही कारण नाही. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी तिचा अंक जाळला, तो तिच्या अभिरुचीला कुंपण होतं म्हणूनच. मुरबाडची कातकरी किंवा कुणबी बोली त्या कुंपणातून कितपत आत गेली असती, मला शंका आहे. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवलं आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवले, तेव्हा लिहिणाऱ्याला आपल्यातलेच ऐकणारे मिळाले.

ते कुंपण आता लेखकाच्या डोक्यात आहे. हल्लीच वाचलेल्या एका कथेत म्हातारी बोलीत दोन वाक्यं बोलते आणि निवेदक लगेच त्यांचा पाठ्यपुस्तकी मराठीत अर्थ सांगतो. डवऱ्याला तो 'खड्डा' म्हणतो. मुंबईच्या संपादकाला कळावं म्हणून असेल. त्या संपादकानं काही विचारलेलंही नाही, आणि शब्द मात्र गेला.

ती कथा मी सात प्रश्न लिहून परत पाठवली. लेखक आठवडाभर गप्प होता, रागावलाच असणार. मग त्याचा फोन आला. रात्रीच्या नंबराचं त्यानं सांगितलं: बायका आपापला दगड ओळीत ठेवून घरी जातात, कुणाचा दगड कुठला हे अंधारातही प्रत्येकीला कळतं, आणि त्याच्या आजीचा दगड ती गेल्यावरही वर्षभर कुणी हलवला नव्हता.

सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "हे पण लिहायचं असतं का?"